परराज्यातला हुकूमनामा, कोल्हापुरातली वसुली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कागल सोडून कोगनोळी आली की कर्नाटक सुरू होतं, पण व्यापाराला ही हद्द जाणवत नाही. गांधीनगरचं कापड, इचलकरंजीचं सूत, शाहूपुरीचा गूळ, शिरोलीचं कास्टिंग रोज पलीकडे जातं, पलीकडचा माल इकडे येतो, आणि मालासोबत उधारीही ये-जा करते. दावा निपाणी, चिकोडी, हुबळी किंवा थेट सुरतेला चालतो. निकाल लागतो आणि ज्याच्याकडून पैसे यायचे तो इथे आपल्या घरात निवांत बसलेला असतो. अशा लोकांकडून (आणि ज्यांच्या दारात जप्तीला आलेला कोर्टाचा माणूस, म्हणजे बेलिफ, उभा राहिला त्यांच्याकडूनही) पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ‘हुकूमनामा’ म्हणजे दिवाणी दाव्याच्या निकालावरून निघालेला कोर्टाचा आदेश (डिक्री). ‘संहिता’ म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८. कायद्याचं नाव न देता लिहिलेलं कलम किंवा ऑर्डर या संहितेची, आणि नुसता ‘नियम’ म्हणजे तिच्या ऑर्डर २१ चा. ‘दरखास्त’ म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीसाठीचा अर्ज, ‘ऋणको’ म्हणजे ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला तो.

१. बेळगावच्या कोर्टाचा हुकूमनामा कोल्हापुरात चालतो का? की इथे नवा दावा लावायचा?

चालतो. नवा दावा लावायचा नाही. देशातल्या कुठल्याही दिवाणी न्यायालयाचा अंतिम निकाल कायद्यानुसार देशभर कुठेही बजावता येतो, असं राज्यघटनेच्या अनुच्छेद २६१ मध्येच लिहिलं आहे. ‘राज्य बदललं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. परदेशी निकालांचा हिशोब वेगळा आहे, त्यासाठी प्रश्न १९ पाहा.

२. मग हुकूमनाम्याची नक्कल घेऊन सरळ कसबा बावड्याच्या कोर्टात दरखास्त टाकू का?

नाही. सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा याच ठिकाणी वाया जातो. संहितेच्या कलम ३८ प्रमाणे बजावणी दोनच न्यायालयं करू शकतात: ज्याने हुकूमनामा दिला ते, किंवा ज्याच्याकडे तो रीतसर पाठवला गेला ते. पाठवलेला नसेल तर कोल्हापूरचं कोर्ट तुमच्या दरखास्तीला हात लावणार नाही.

उलट बाजूनेही रस्ता बंद आहे. कलम ३९ चं पोटकलम (४) जुलै २००२ पासून लागू झालं. आपल्या हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर बजावणी करण्याचा अधिकार मूळ न्यायालयाला नाही, हे त्याने स्पष्ट केलं. म्हणजे बेळगावचं कोर्ट स्वतः कोल्हापुरातलं घर विकू शकत नाही. त्यासाठी हुकूमनामा इकडे ‘वर्ग’ करून घ्यावाच लागतो. याला मोजके अपवाद आहेत: सरकारी नोकराचा पगार (प्रश्न ९), प्रिसेप्ट (प्रश्न ११) आणि लवादाचा निवाडा (प्रश्न १७).

३. वर्ग करण्याचा अर्ज कुठे करायचा आणि कारण काय द्यायचं?

ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तिथेच, कलम ३९ खाली. पुढीलपैकी एक कारण पुरेसं आहे: ऋणको कोल्हापूरच्या हद्दीत राहतो, धंदा करतो किंवा नोकरी करतो, मूळ न्यायालयाच्या हद्दीत त्याची पुरेशी मालमत्ता नाही पण इथे आहे, हुकूमनाम्यात इथल्याच स्थावराची विक्री किंवा ताबा आहे, किंवा न्यायालय लेखी नोंदवेल असं दुसरं कारण.

अर्जासोबत पुरावा जोडा. सातबारा, आठ-अ, शहरातली मिळकत असेल तर मालमत्ता पत्रक, दुकानाचा जीएसटी क्रमांक, काहीही. ‘सामनेवाला कोल्हापूरचा आहे’ एवढ्या एका ओळीवर अर्ज केला की तारखा पडत राहतात.

४. वर्ग झाल्यावर कोणते कागद येतात? मी काय तपासू?

ऑर्डर २१, नियम ६ प्रमाणे मूळ न्यायालय तीन गोष्टी पाठवतं: हुकूमनाम्याची नक्कल, वसुली झालेली नाही किंवा अमुक इतकीच झाली आहे असा दाखला, आणि आधी बजावणीचा आदेश झाला असेल तर त्याची नक्कल, झाला नसेल तर तसा दाखला.

हे कागद निघण्याआधी तिथल्या वकिलांना ते डोळ्यांखालून घालायला सांगा. माझ्या अनुभवात अडतं ते नेहमी याच चार-पाच ओळींत. नावाचं स्पेलिंग वेगळं. हुकूमनाम्यात ‘पाटील’, दाखल्यात ‘पाटीले’. दाखल्यात वसूल रकमेची जागा कोरी. दावा क्रमांकातलं वर्ष चुकलेलं. शिक्का आहे पण सही नाही. यातलं काहीही राहिलं की इथे हरकत येते, कागद परत जातात आणि महिने निघून जातात.

सगळं नीट असेल तर नियम ७ प्रमाणे इथलं कोर्ट आणखी पुरावा न मागता ते कागद दाखल करून घेतं. त्यानंतर इथे दरखास्त दाखल करणं तुमचं काम. नुसते कागद येऊन पडले म्हणजे बजावणी सुरू झाली असं होत नाही.

५. कोल्हापुरात नेमकं कोणतं कोर्ट? जिल्हा न्यायालय की तालुक्याचं?

ऋणको किंवा मालमत्ता ज्या कोर्टाच्या हद्दीत आहे, आणि तेवढ्या रकमेचा दावा चालवण्याचा अधिकार ज्याला आहे, ते. शिरोळ तालुक्यातल्या जमिनीसाठी कोल्हापूर शहराच्या नावाने कागद मागू नका. कागद जिल्हा न्यायालयात आले तर ते स्वतः बजावणी करतं किंवा खालच्या सक्षम कोर्टाकडे पाठवतं. चुकीच्या कोर्टात आले तर त्याने ते योग्य कोर्टाकडे पाठवायचे असतात. राज्य वेगळं असलं तरी कागद एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात थेट जातात, मध्ये उच्च न्यायालयाची गरज नसते.

६. मुदत किती? माझा हुकूमनामा दहा वर्षांपूर्वीचा आहे.

मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १३६ प्रमाणे हुकूमनामा बजावणीयोग्य झाल्यापासून १२ वर्षं. कायमच्या मनाई हुकमाला मुदत नाही. अमुक काम कराच असा आज्ञार्थक मनाई हुकूम असेल तर फक्त ३ वर्षं.

आता नीट लक्ष द्या. हुकूमनामा वर्ग करून मागण्याचा अर्ज म्हणजे बजावणीचा अर्ज नव्हे. अकराव्या वर्षी वर्ग करण्याचा अर्ज केला, कागद तेराव्या वर्षी कोल्हापुरात आले आणि तेव्हा दरखास्त टाकली, तर ती मुदतबाह्य. ‘उशीर माफ करा’ हा मुदत कायद्याच्या कलम ५ चा अर्ज ऑर्डर २१ च्या दरखास्तीला लागूच होत नाही. तुमच्यापाशी दोन वर्षं उरली असतील तर हे पान वाचून संपल्यावर लगेच वकिलांना फोन करा.

हुकूमनामा होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त काळ लोटला असेल तर जप्तीआधी ऋणकोला कारणे दाखवा नोटीस निघते (ऑर्डर २१, नियम २२). तो वेळही हिशोबात धरा.

७. निकाल कन्नडमध्ये आहे. इथे कोण वाचणार?

इथल्या दिवाणी न्यायालयांची भाषा मराठी, इंग्रजीही चालते. कन्नड निकालाचं शपथपत्रासह भाषांतर जोडा. ते सीमाभागातल्या, दोन्ही भाषांतले कोर्टाचे कागद हाताळणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. रक्कम, व्याजाचा दर, व्याज कोणत्या तारखेपासून आणि मिळकतीच्या चतुःसीमा या गोष्टी भाषांतरात हमखास घसरतात.

८. इथलं कोर्ट निकाल पुन्हा तपासतं का? सामनेवाला म्हणतो, निकालच चुकीचा आहे.

तपासत नाही. कलम ४२ प्रमाणे इथल्या कोर्टाला स्वतःचाच हुकूमनामा असल्यासारखे बजावणीचे अधिकार मिळतात, पण हुकूमनाम्याच्या मागे जाण्याचा अधिकार मिळत नाही. निकाल चूक की बरोबर, व्याज जास्त लावलं की कमी, हे इथे मांडून उपयोग नाही. निकाल मुळातच शून्यवत असेल, म्हणजे न्यायालयाला त्या विषयाचा अधिकारच नव्हता किंवा आधीच वारलेल्या माणसाविरुद्ध निकाल दिला, तरच इथे अडवता येतं. रक्कम किती फिटली, जप्ती कायदेशीर आहे का, असे बजावणीतले वाद मात्र कलम ४७ खाली इथलंच कोर्ट ठरवतं. त्यासाठी वेगळा दावा लागत नाही, चालतही नाही.

९. काय काय जप्त होऊ शकतं?

बँक खातं, वाहन, दुकानातला माल, प्लॉट, फ्लॅट, शेतजमीन आणि तिसऱ्याकडून ऋणकोला येणं असलेली रक्कम. आपल्या भागात शेवटचा प्रकार विशेष उपयोगी. कारखान्याकडून ऋणकोला येणं असलेलं ऊसबिल हे त्याचं येणं आहे. ते त्याला देऊ नये असा मनाई आदेश कारखान्यावर बजावता येतो, आणि नियम ४६-अ खाली ती रक्कम कोर्टात भरायला लावता येते. गाळपाचा हंगाम सुरू होण्याआधी अर्ज तयार ठेवा. बिल खात्यावर जमा होऊन खर्च झाल्यावर काही हाती लागत नाही. सहकारी संस्थेच्या भागभांडवलातला सभासदाचा हिस्सा मात्र जप्त होत नाही, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम ४६ त्याला संरक्षण देतं.

पगाराचा हिशोब असा: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. जप्तीला पात्र पगार ३१,००० असेल तर २१,००० हात न लागता राहतात, १०,००० जप्त होतात. एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिने अशी कपात झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा. पोटगीच्या हुकूमनाम्याला हे प्रमाण लागू नाही. ऋणको सरकारी किंवा स्थानिक प्राधिकरणाचा नोकर असेल तर नियम ४८ खाली मूळ न्यायालयच थेट इथल्या पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला आदेश पाठवू शकतं, तो अधिकारी त्याच्या हद्दीबाहेर असला तरी. शिक्षक, एसटी किंवा महापालिका नोकराचं प्रकरण असेल तर हुकूमनामा वर्ग करण्याच्या खटपटीआधी वकिलांशी याच वाटेबद्दल बोला.

१०. बेलिफ आले तर घरातली भांडी, बैल, राहतं घरही नेतील का?

सरसकट नाही. हा प्रश्न फोनवर रडत विचारणाऱ्या बायका मी ऐकल्या आहेत, म्हणून सविस्तर सांगतो. कलम ६० प्रमाणे ऋणको, त्याची बायको आणि मुलं यांचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रीतीने अंगावरून न उतरवायचे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, उपजीविकेला लागणारी जनावरं आणि बियाणं यांना हात लावता येत नाही. जो स्वतः शेती कसतो आणि मुख्यतः त्यावर जगतो त्याचं राहतं घरही सुरक्षित आहे. सरकारी पेन्शन आणि भविष्य निर्वाह निधी जप्त होत नाही. ‘मी हे संरक्षण सोडतो’ असं कुणी आधी लिहून घेतलं असेल तरी ते लिहिणं रद्दबातल.

राहत्या घरात सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी शिरता येत नाही (कलम ६२). बेलिफ आले की वॉरंट वाचायला मागा, दरखास्त क्रमांक टिपून घ्या, पंचनाम्यात काय लिहिलं ते वाचूनच सही करा. हुज्जत घालू नका. यादीत संरक्षित वस्तू असेल तर तिथेच हरकत नोंदवा आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात अर्ज द्या.

वस्तू किंवा मिळकत ऋणकोची नसून तुमची असेल, म्हणजे भाऊ कर्जदार पण जप्ती तुमच्या नावच्या ट्रॅक्टरवर, तर नियम ५८ खाली विक्रीआधी हरकत घ्या. उशीर मुद्दाम केला असं कोर्टाला वाटलं तर ते ऐकणार नाही.

११. हुकूमनामा वर्ग होईपर्यंत तो सगळं विकून मोकळा होईल. काही करता येतं का?

येतं, आणि हा मार्ग आपल्याकडे फार कमी वापरला जातो. कलम ४६ खाली मूळ न्यायालय इथल्या कोर्टाला ‘प्रिसेप्ट’ पाठवू शकतं: अमुक मालमत्ता जप्त करून ठेवा. ही जप्ती दोन महिने टिकते. त्या काळात हुकूमनामा वर्ग करून इथे विक्रीसाठी अर्ज करायचा, किंवा मुदत वाढवून घ्यायची. प्रश्न ३ चा अर्ज आणि प्रिसेप्टचा अर्ज एकाच दिवशी द्यावा असं माझं ठाम मत आहे.

१२. त्याच्या नावावर काय आहे तेच माहीत नाही.

नियम ४१ खाली त्याला मालमत्तेचं शपथपत्र द्यायला लावा. आदेश होऊनही दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवता येतं. शिवाय गावच्या चावडीत आठ-अ पाहा, दुय्यम निबंधकाकडे नावावरून शोध घ्या. तो ज्या बाजारपेठेत धंदा करतो तिथे चौकशी करा. कुठल्या बँकेचा चेक तो इतरांना देतो हे पेठेतल्या लोकांना माहीत असतं.

१३. पैसे देत नाही म्हणून त्याला अटक होईल का?

केवळ देत नाही म्हणून नाही. ऐपत असून टाळतो, मालमत्ता लपवतो किंवा पळून जाण्याच्या बेतात आहे, हे दाखवावं लागतं (कलम ५१). गरिबीमुळे न देणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलं. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही. रक्कम ५,००० पेक्षा जास्त असेल तर कैद जास्तीत जास्त तीन महिने, आणि त्या काळातला भत्ता दरखास्तदाराने भरायचा. सुटून आल्यावर कर्ज माफ होत नाही.

१४. मला समन्स कधी मिळालंच नाही. आता थेट जप्तीची नोटीस आली.

दोन कामं एकदम करा. मूळ न्यायालयात एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज (ऑर्डर ९, नियम १३). समन्स रीतसर बजावलं नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवसांत. आणि कोल्हापूरच्या कोर्टात ऑर्डर २१, नियम २६ खाली अर्ज, की मूळ न्यायालयातून स्थगिती आणेपर्यंत थोडा वेळ द्या. इथलं कोर्ट वेळ देऊ शकतं, तारण मागू शकतं, पण हुकूमनामा रद्द करू शकत नाही. नुसतं अपील दाखल केल्याने बजावणी थांबत नाही, स्थगितीचा आदेशच लागतो.

१५. मी बाहेरच्या बाहेर पैसे दिले आहेत. तरी दरखास्त कशी?

कारण ती रक्कम कोर्टात नोंदवलेली नाही. ऑर्डर २१, नियम २ प्रमाणे नोंद न झालेला भरणा बजावणी करणारं कोर्ट धरत नाही. ऋणकोने स्वतः नोंद करून घ्यायची तर पैसे दिल्यापासून ३० दिवसांत अर्ज हवा, सोबत बँकेचा किंवा लेखी पुरावा. दुसऱ्या बाजूने कबूल केलं तर प्रश्न मिटतो. चार लोकांत बसून तडजोड केली, हातात रोकड ठेवली, ‘केस काढून घेतो’ असा शब्द घेतला, हे कोर्टात टिकत नाही. पैसे देताना पोचपावती घ्या आणि त्याच आठवड्यात संयुक्त पुरसीस (दोघांच्या सहीचं लेखी निवेदन) कोर्टात दाखल करा.

१६. ऋणको वारला. / मी हा हुकूमनामा दुसऱ्याकडून विकत घेतला. / हुकूमनामा भागीदारी फर्मवर आहे.

तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. ऋणको वारला तर वारसांवर बजावणीचा आदेश कोल्हापूरचं कोर्टही देऊ शकतं. वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मिळकतीपुरतीच. हुकूमनामा तुमच्याकडे हस्तांतरित झाला असेल तर तुम्हाला मूळ न्यायालयातच जावं लागेल, इथल्या कोर्टाला तो अधिकार नाही. फर्मवरच्या हुकूमनाम्यात जो भागीदार म्हणून हजर झाला नाही, कबूल झाला नाही किंवा ज्याला व्यक्तिशः समन्स बजावलं नाही, त्याच्यावर बजावणीची परवानगीही मूळ न्यायालयच देतं. हा फरक कलम ४२ मध्येच आहे.

ऋणको कोल्हापूर सोडून सोलापूरला गेला तर? हुकूमनामा पुढे पाठवण्याचा अधिकार इथल्या कोर्टाला आहे. परत बेळगावला जायला नको.

१७. ट्रकच्या कर्जात फायनान्स कंपनीने चेन्नईत लवादाचा निवाडा घेतला आणि थेट कोल्हापुरात दरखास्त टाकली. वर्ग न करता?

हो, चालतं. सुंदरम फायनान्स प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की लवादाचा निवाडा जिथे मालमत्ता आहे तिथल्या कोर्टात थेट बजावता येतो. तो कोणत्या न्यायालयाने ‘दिलेला’ नसल्यामुळे वर्ग करण्याचा प्रश्न येत नाही. निवाड्याला आव्हान द्यायचं तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली, प्रत मिळाल्यापासून तीन महिन्यांत. पुरेसं कारण असेल तर आणखी ३० दिवस, त्यापुढे एकही दिवस नाही. नोटीस आली की ती कपाटात ठेवू नका.

लोकअदालतीचा निवाडा मात्र दिवाणी हुकूमनाम्यासारखा धरला जातो. चेक न वटल्याचं प्रकरण लोकअदालतीत मिटलं असेल तरी त्याची दिवाणी बजावणी होते.

१८. निपाणीच्या कोर्टाने वाटणीचा निकाल दिला. त्यात कागल तालुक्यातली जमीनही आहे.

एका कुटुंबाची जमीन दोन राज्यांत असेल तर कलम १७ प्रमाणे एकाच न्यायालयात दावा चालू शकतो, निकाल दोन्हीकडच्या जमिनीला लागू होतो. कागलच्या जमिनीपुरती बजावणी वर्ग करून घ्यावी लागेल. त्याआधी पाहा: हातात प्राथमिक हुकूमनामा आहे की अंतिम? प्राथमिकात फक्त हिस्से ठरतात. सारा लागणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष सरस-निरस वाटप कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून होतं, म्हणजे कागद कोर्टातून कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून तहसील व मोजणी खात्याकडे जातात. अंतिम हुकूमनाम्याला मुद्रांक शुल्क लागतं, आणि मुद्रांक उशिरा भरला म्हणून १२ वर्षांचं घड्याळ थांबत नाही. ते अंतिम हुकूमनाम्याच्या तारखेपासूनच चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये चिरंजी लाल प्रकरणात सांगितलं आहे. भावाभावांत मुद्रांक कुणी भरायचा यावर वर्षं घालवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

१९. दुबईच्या कोर्टाचा निकाल आहे. अमेरिकेचाही एक आहे.

संयुक्त अरब अमिरातीला भारताने जानेवारी २०२० मध्ये परस्पर-प्रदेश (ज्याचे हुकूमनामे इथे थेट बजावता येतात असा देश) म्हणून अधिसूचित केलं. ब्रिटन आणि सिंगापूर आधीपासून आहेत. अशा देशाच्या अधिसूचित न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा कलम ४४-अ खाली थेट जिल्हा न्यायालयात दाखल होतो. अमेरिका या यादीत नाही. तिथल्या निकालावर इथे तीन वर्षांत नवा दावा लावावा लागतो. दोन्ही बाबतींत कलम १३ चे आक्षेप घेता येतात: अधिकार नसणं, गुणवत्तेवर निकाल नसणं, नैसर्गिक न्याय डावलणं, फसवणूक.

२०. दरखास्तीवरच्या आदेशाविरुद्ध मुंबईला जावं लागेल का?

आता नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे त्यात येतात. कलम ४७ खालचा आदेश १९७६ च्या दुरुस्तीनंतर हुकूमनामा धरला जात नाही, म्हणून त्यावर सहसा अपील नसतं. पुनरीक्षण किंवा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खालची याचिका करावी लागते, आणि ती इथेच करता येते. मूळ निकालाविरुद्धचं अपील मात्र मूळ राज्यातच.

२१. या सगळ्याला किती वेळ लागेल?

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शाह प्रकरणात सांगितलं की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, जास्त वेळ लागला तर लेखी कारणं द्यावीत. २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात हेच पुन्हा बजावलं. प्रत्यक्षात तारखा यापुढे जातात. पण मिळकतीचं पूर्ण वर्णन, आजपर्यंतच्या व्याजाचा तक्ता, ऋणकोचा चालू पत्ता आणि बेलिफाचा भत्ता वेळेवर भरलेला, एवढं असलेली दरखास्त आणि अर्धवट दरखास्त यांच्या रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) स्पष्ट फरक दिसतो. वॉरंट निघण्याच्या दिवशी मिळकत दाखवायला तुमचा माणूस सोबत गेलाच पाहिजे. बेलिफाला शिरोलीतला शेड किंवा गडमुडशिंगीतला गट नंबर कुणीतरी बोट दाखवून सांगावा लागतो. तो माणूस नसला की वॉरंटवर ‘मिळकत दाखवली नाही’ असा शेरा येतो आणि पुढची तारीख पडते.